मंडपाची मागची बाजू



ऑगस्ट २०००च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया या शहरात लेडीफेस्ट नावाचा सहा दिवसांचा उत्सव भरला. ऑलिंपिया राज्याची राजधानी असली तरी शहर लहान. कॉलेजातल्या पोरापोरींचं आणि तळघरांत, गॅरेजांत बँड वाजवणाऱ्यांचं. १९९१ साली इथेच झालेल्या एका संगीत-संमेलनाची पहिली रात्र मुलींच्या बँडांना दिली होती आणि पुढे 'रायट गर्ल' म्हणून गाजलेल्या चळवळीला तिथून बळ मिळालं होतं. लेडीफेस्ट त्यातल्याच काहीजणींनी, आता तिशीच्या आसपास आल्यावर, स्वयंसेवकांच्या जोरावर उभा केला. मंचावर स्लीटर-किनी, ब्रॅटमोबाईल, द गॉसिप असे बँड होते आणि या उत्सवाबद्दल कुणीही लिहायला बसलं की ही नावं आधी येतात. मला मात्र लेडीफेस्टमधला सगळ्यात मोलाचा भाग दिवसाउजेडी भरणाऱ्या कार्यशाळांचा वाटतो, आणि यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवताना तोच डोळ्यांपुढे होता.

रात्री गाणं, दिवसा शिकणं, हा साचा तिथून देशोदेशी गेला. २००१ मध्ये ग्लासगोत, २००२ मध्ये लंडनमध्ये, मग युरोपभर आणि त्यापलीकडेही ठिकठिकाणच्या बायकांनी आपापला लेडीफेस्ट भरवला. नावावर कुणाची मालकी नव्हती, मुख्य कचेरी नव्हती, कुणाची परवानगी काढायची नव्हती. ज्यांना हौस आणि धीर आहे त्यांनी करायचा. बँड बदलत, भाषा बदलत, कार्यशाळांची यादी मात्र बहुतेक ठिकाणी ओळखीची असे. ध्वनिमिश्रण, गिटारचे पहिले तीन कॉर्ड, ड्रमवर ताल धरणं, स्क्रीन प्रिंटिंग, घरच्या घरी झेरॉक्स काढून केलेलं छोटं मासिक, सायकलदुरुस्ती, स्वसंरक्षण. शिकवणारी बाई बहुधा नामवंत नसे. थोडं आधी शिकलेली असे, एवढंच. आपण कुठे अडखळलो होतो हे तिला अजून आठवत असल्यामुळे नवखीची अडचण तिच्या लगेच लक्षात येई.

यातली ध्वनिमिश्रणाची कार्यशाळा जरा सविस्तर सांगावी असं वाटतं. आपल्याकडच्या गाणाऱ्या, बोलणाऱ्या, नाटक करणाऱ्या बायकांचं ज्यावाचून सगळ्यात जास्त अडतं ती गोष्ट हीच आहे.

सुरुवात केबलपासून होते. अंगठ्याच्या बेचक्यातून कोपराला वळसा घालत केबल गुंडाळायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. तशी गुंडाळली की प्रत्येक वेढ्यागणिक आतल्या तारांना एकाच बाजूचा पीळ बसत जातो आणि कालांतराने केबल खरखर करू लागते. म्हणून एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशी आलटूनपालटून गुंडाळायला शिकवतात. मग एक टोक धरून ती मंचावर फेकली तरी गाठ न पडता उलगडते. हे पाच मिनिटांत कळतं. हाताला यायला एखादी दुपार लागते.

मग मिक्सर. इतकी बटणं एकदम बघून कुणालाही दडपण येतं. पण एक उभी ओळ म्हणजे एक आवाज, हे समजलं की दडपण निम्मं होतं. सोळा ओळी असल्या तरी शिकायची एकच, बाकीच्या पंधरा तिच्याच प्रती. सगळ्यात वर गेन, म्हणजे माइकमधून येणारा आवाज आत किती घ्यायचा. मधे बास, मिड, ट्रेबल, म्हणजे आवाजातले खालचे, मधले आणि वरचे सूर. सगळ्यात खाली फेडर, म्हणजे घेतलेल्यातला बाहेर किती सोडायचा. आधी गेन नीट लावायचा, फेडरला हात नंतर. आणि माइक शिट्टी का मारतो? स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा शिरतो, आणि या चक्रातून एकच सूर कर्कश होत जातो. त्यावर उपाय आहेत. मोठे स्पीकर माइकच्या पुढे ठेवायचे. गाणारीसमोरचा मॉनिटर, म्हणजे तिला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीकडे येईल असा फिरवायचा. तिनं माइकच्या जवळ यायचं, पण जाळी मुठीत धरायची नाही, कारण त्यानं शिट्टी वाढते. एवढं करूनही सूर सुटत असेल तर तेवढाच सूर शोधून खाली घ्यायचा.

हे सगळं सांगून व्हायला दोन तास पुरतात. त्यानंतर प्रत्येकीनं आळीपाळीनं मिक्सरवर बसायचं आणि बाकीच्यांनी गायचं, बोलायचं. या दोन तासांनी कुणी ध्वनितज्ज्ञ होत नाही. पण 'दादा, जरा बरं करा ना' म्हणणारी बाई पुढच्या कार्यक्रमात 'मॉनिटरमध्ये माझा आवाज वाढवा आणि बास थोडा कमी करा' असं म्हणू लागते. आपल्याकडे याची गरज किती आहे बघा. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाच. पाहुण्यांच्या भाषणाला लावलेली बटणं तशीच ठेवून गायिकेचा माइक चालू केला की तिचा आवाज टोचायला लागतो, आणि श्रोते म्हणतात, आज बाईंचा आवाज लागला नाही. आवाज लागलेला असतो. बटण लागलेलं नसतं, आणि ते ओळखायला तिला कधी कुणी शिकवलेलं नसतं.

या कार्यशाळांचं मूळ लेडीफेस्टच्याही मागचं आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात बायकांच्या संगीताची एक स्वतंत्र चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये ऑलिव्हिया रेकॉर्ड्स ही बायकांनी चालवलेली कंपनी निघाली. १९७४ मध्ये इलिनॉय राज्यात बायकांचा राष्ट्रीय संगीत महोत्सव भरला. १९७५ मध्ये बोडन सँडस्ट्रॉम यांनी वॉशिंग्टन शहरात 'वुमन साउंड' ही ध्वनिव्यवस्थेची कंपनी काढली. गाणं बायकांचं, पण स्टुडिओ, यंत्रं, ट्रक, सगळं दुसऱ्याच्या हातात, असं किती दिवस चालायचं, हा प्रश्न या सगळ्यांपुढे होता. १९७६ ते २०१५ अशी चाळीस वर्षं मिशिगन राज्यात जंगलात जो महोत्सव भरत असे, तिथे दर उन्हाळ्यात मंच, वीज, पाणी, स्वयंपाकघर सगळं बायका उभं करत आणि उत्सव संपला की सगळं उतरवून ठेवत. सुतारकाम, वीजजोडणी, नळकाम तिथे काम करता करता शिकलेल्या बायका पुढे बाहेरच्या जगात त्याच कामावर उभ्या राहिल्या.

याच चळवळीतली एक गोष्ट मला सलते आणि ती इथे सांगायलाच हवी. ऑलिव्हिया रेकॉर्ड्सच्या सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाची बाजू सँडी स्टोन यांनी सांभाळली. इतर बायकांना ते काम शिकवणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. त्या ट्रान्स स्त्री होत्या. त्यावरून बाहेरून गदारोळ उठला, कंपनीवर बहिष्काराची धमकी आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मिशिगनच्या महोत्सवानेही जन्मानं स्त्री असलेल्यांनाच प्रवेश, हा आग्रह धरला आणि त्यावरचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. ज्यांना जगाने दार बंद केलं होतं त्यांनी आपलं दार बांधताना पहिली कडी आतून लावली. कार्यशाळेच्या दाराशी आधी तू कोण, हा प्रश्न विचारला गेला की हातातलं काम मागे पडतं आणि शिकण्यासाठी आलेली बाई परत जाते.

शिकवण्याची वाट मात्र पुढेही चालू राहिली. लेडीफेस्टच्या पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, शेजारच्या पोर्टलंडमध्ये मुलींसाठी रॉक संगीताचं शिबिर सुरू झालं. आठवडाभर मुली एकेक वाद्य निवडतात, आपसांत बँड करतात, गाणं रचतात आणि शेवटच्या दिवशी मंचावर ते वाजवतात. आज अशी शिबिरं अनेक देशांत भरतात. नाटकाच्या क्षेत्रातही असंच घडलं. वेल्समधल्या कार्डिफला १९८६ मध्ये जिल ग्रीनहाल्श यांनी रंगभूमीवरच्या बायकांना जोडणारा मॅग्डालेना प्रकल्प सुरू केला. डेन्मार्कच्या ओडिन थिएटरमध्ये जुलिया वार्ली यांनी १९९२ पासून 'ट्रान्झिट' महोत्सव भरवला. तिथे अभिनेत्री एकमेकींना आपापल्या कामाचे मार्ग उघड करून दाखवत. बाऊल गायिका पार्वती बाऊल यांनी २०१२ मध्ये पुदुच्चेरीला भरवलेला 'तांतीधात्री' महोत्सव याच घराण्यातला.

आता आपल्या अंगणात येऊ. मंगळागौर हाही एका अर्थी शिकण्याचाच उत्सव होता. श्रावणातल्या मंगळवारी रात्र जागवायची आणि खेळायचं. झिम्मा, पिंगा, कोंबडा, साळुंकी, आगोटापागोटा, अठूडं केलं गठूडं केलं, नाच गो घुमा, आणि फुगडीचे तर किती प्रकार. एकही प्रकार वहीत लिहून शिकवला जात नसे. फुगडी घालताना पायाला पाय भिडवायचे, हातांची अढी घट्ट धरायची आणि शरीर मागे झोकून द्यायचं. वजन मागे टाकलंच नाही तर गिरकी येत नाही, आणि समोरचीनं हात सोडला तर दोघी पडतात. हे तोंडानं सांगून कळत नाही. मावशीनं किंवा आत्यानं मनगटं धरून ओढलं की पाय आपोआप जागेवर येतात. गोव्यात पौषात मांडावर धालो रंगतात, तेही याच रीतीनं. आईच्या शेजारी ओळीत उभ्या राहिलेल्या पोरीच्या अंगात पावलं आणि चाल आपसूक उतरतात.

अलीकडे मंगळागौरीचे गट झाले आहेत. नऊवारी, नथ, ठरलेली गाणी, ठरलेला क्रम, मानधन. या गटांबद्दल मला मनापासून आदर आहे. निवृत्त झालेल्या, घरात एकट्या पडलेल्या कितीतरी जणींना आठवड्याची तालीम, मैत्रिणी आणि हातात चार पैसे त्यातून मिळाले. जुने खेळ टिकले तेही त्यांच्यामुळे. पण पूर्वी ज्या बायका खेळत होत्या त्या आता खुर्चीवर बसून मोबाईलवर चित्रीकरण करतात. गटातल्या बाराजणी वर आणि हॉलमधल्या दीडशे खाली. ज्या गटांच्या नायिका अर्धा तास सादर करून नंतर तासभर प्रेक्षकांना रिंगणात ओढतात, प्रत्येकीला निदान एक साधी फुगडी आल्याशिवाय सोडत नाहीत, त्यांचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. बोलावणाऱ्यांनी हा तास आधीच मागून घ्यायला हवा आणि त्याचे पैसेही द्यायला हवेत.

मंगळागौरीचं कौतुक करताना ते रिंगण कुणाला बंद होतं, हेही विसरून चालणार नाही. विधवेला तिथे जागा नव्हती. आणि तो सण मुख्यत्वे ब्राह्मण आणि इतर उच्च जातींच्या घरांतला. त्या रिंगणाबाहेरच्या बायकांनी काय शिकायचं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभं केलं. बालविधवा, टाकलेल्या बायका, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली तिथे आल्या. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलाचा घाणा अशी कामं त्या शिकल्या, आणि तिथे एक छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात या बायकांनी छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ पूर्ण छापून झाला तो १९२४ मध्ये. खिळे उचलायचे, ओळीत उलटे लावायचे, मुद्रितं काढायची, तपासायची, पुन्हा लावायची. ज्यांचं तोंड पाहणं अशुभ मानलं जात होतं त्या मुलींनी हे केलं. मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना या कंपोझिटर मुलींवर एक सबंध प्रकरण असायला हवं.

झाईनच्या, म्हणजे त्या घरी झेरॉक्स केलेल्या छोट्या मासिकांच्या, कार्यशाळांबद्दल वाचताना मराठी वाचकाला साठोत्तरी लघुअनियतकालिकं आठवणारच. 'असो', 'वाचा' आणि त्यांची भावंडं. हातानं मजकूर करायचा, प्रसंगी सायक्लोस्टाईल करायचं, मित्रांत वाटायचं. त्या धडपडीनं मराठी कविता बदलली. पण स्टेन्सिल कापणाऱ्या, शाई लावणाऱ्या, काय छापायचं ते ठरवणाऱ्या हातांत बायकांचे हात फारसे दिसत नाहीत. कविता लिहिणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. रात्री कुणाच्या तरी खोलीवर बसून अंक जुळवण्याची मुभा त्यांना नव्हती, आणि यंत्र त्याच खोलीत होतं.

यंत्र कुठल्या खोलीत ठेवलंय, साधन कुणाच्या हातात पडतं यावर किती अवलंबून असतं, याची आणखी एक गोष्ट सांगते. १९६६-६७च्या दुष्काळात बिहारमधल्या मिथिलेत बायकांना काहीतरी कमाई व्हावी म्हणून हस्तकलांचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी मुंबईच्या भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला तिकडे पाठवलं. घराच्या भिंतींवर, कोहबराच्या, म्हणजे नवविवाहितांच्या, खोलीत चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात कुलकर्णींनी कागद दिला. सीतादेवी, गंगादेवी ही नावं त्यातून जगभर गेली. हेच कुलकर्णी पुढे डहाणूच्या बाजूला वारली पाड्यांवर गेले. लग्नघरातला चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नचित्र, लिहिण्याचा मान वारल्यांमध्येही बायकांचा. तिथे मात्र कागदावर उतरून जगभर गेलेलं पहिलं मोठं नाव झालं जिव्या सोमा म्हसे यांचं. त्यांच्या प्रतिभेबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. त्यांची रेघ त्यांचीच होती. मिथिलेत आणि वारली पाड्यांवर असं वेगवेगळं का घडलं, त्याची कारणं अनेक असतील. माझ्या मनात प्रश्न राहतो तो चौक लिहिणाऱ्या त्या बायकांचा. कागद, रंग, प्रदर्शन, किंमत, प्रवास या नव्या गोष्टी आल्या तेव्हा त्या शिकायची जागा त्यांच्यासाठी कुठे होती? कला जुन्या जागेवरून नव्या जागी जाते, तेव्हा नव्या जागेची कौशल्यं ज्यांना मिळतात त्यांचं नाव पुढे येतं. वारली चित्रांच्या कार्यशाळा आज शहरांत जागोजागी होतात. पाड्यावरच्या बायकांसाठी किंमत लावण्याची, बिल करण्याची, चित्राचा फोटो नीट काढून पाठवण्याची कार्यशाळा मला त्यापेक्षा तातडीची वाटते.

तमाशाकडे पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःचा फड चालवला. फड चालवणं म्हणजे राहुट्या, ट्रक, दिवे, सुपाऱ्या, माणसांचे पगार, जत्रांचं वेळापत्रक, हे सगळं डोक्यात. संगीतबारीतही पार्टी बाईच्या नावानं, मालकीण तीच. तरी ढोलकी, तबला, पेटी बहुतेक पुरुषांच्याच हातात राहिली. तमाशाबाहेर, शास्त्रीय संगीतात सोलो तबला वाजवणाऱ्या आबान मिस्त्री यांनाही आपल्या काळात किती नजरांना तोंड द्यावं लागलं असेल याची कल्पना करता येते. आणि हा फडाचा, बारीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या बायका ज्या जातींतल्या होत्या, त्या जातींमुळेच त्यांच्या या विद्येला कुणी विद्या म्हटलं नाही. एखाद्या महिला महोत्सवानं फडाच्या मालकिणीला लावणी सादर करायला न बोलावता, शंभर माणसांचा दौरा कसा चालवायचा हे शिकवायला बोलवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांतल्या मुलींनीही तिथे येऊन बसावं.

आपल्या भागात या दिशेनं झालेलं कामही आहे. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव गेलं ते साध्या, हौशी बायकांच्या बळावर. १९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना व्हिडिओ चित्रीकरण शिकवलं, आणि त्यात लिहितावाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं. दुष्काळी माणच्या बायका तिथे स्वतः कार्यक्रम करतात. निरक्षरता, गरिबी, वेळ नसणं ही कारणं आपण नेहमी ऐकतो. ही तीन कामं त्या कारणांच्या मधूनच उभी राहिली.

आणि तरीही आठ मार्चला, महिला दिनी, आपल्या बहुतेक हॉलांत काय होतं? रांगोळी, पाककृती, मेंदी, उखाणे आणि पैठणीचे खेळ. यातल्या आनंदाला मी कमी लेखत नाही. वर्षातून एक दिवस घराबाहेर पडून मोकळं हसणं ही छोटी गोष्ट नाही. पण जे बायकांना आधीच येतं त्याचीच स्पर्धा लावून आपण घरी पाठवतो. मंडपाच्या मागच्या बाजूला वायरी, मिक्सर, जनरेटर, दिवे असतात, तिकडे त्या दिवशीही एकही बाई नसते.

हे बदलायला वेगळा निधी उभारायची गरज नाही. साउंडवाले दादा भाड्यानं आणलेले असतातच. त्यांना दोन तास आधी बोलवा, त्या दोन तासांचे पैसे द्या आणि आठ बायकांना मिक्सर शिकवायला सांगा. बहुतेक जण आनंदानं शिकवतील. आपल्या कामात कुणी रस घेतला तर कुणाला आवडत नाही? शिकायला आलेल्या आठांपैकी दोघींनी पुढच्या वर्षी दुसऱ्या आठजणींना शिकवायचं, हे तिथेच ठरवून टाका. एका मिक्सरमागे आठपेक्षा जास्त नकोत, नाहीतर मागच्या रांगेतल्या फक्त बघत राहतात आणि बघून हे येत नाही. शक्य झालं तर भंगारात निघालेला एखादा मिक्सर मिळवा. 'हात लावू नका, बिघडेल' हे वाक्य बायकांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की बिघडलं तरी चालेल असं एक यंत्र समोर असणं हाच मोठा दिलासा ठरतो.

दिव्यांचंही तसंच. हजार वॅटचा एक हॅलोजन आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चार अँपिअरपेक्षा थोडी जास्त वीज ओढतो. म्हणजे घरातल्या सहा अँपिअरच्या प्लगवर एकच चालेल, एक्स्टेन्शन लावून दुसरा जोडला की वायर तापणार. वॅट भागिले व्होल्ट, एवढं गणित ज्या मंडळातल्या चौघींना येतं त्या मंडळाचा कार्यक्रम अंधारात बुडत नाही. गायिकांसाठी तंबोऱ्याच्या जवारीची कार्यशाळा व्हावी. मिरज आपल्या इतक्या जवळ आहे, तिथल्या कारागिरांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जपली. घोडीवरचा पृष्ठभाग किती घासला की तारेचा झंकार खुलतो, हे तंबोरा मांडीवर घेऊन बसणाऱ्या प्रत्येक मुलीला निदान डोळ्यांनी बघायला मिळावं.

काही साध्या गोष्टी ठरवणाऱ्यांनी आधीच बघायला हव्यात. वेळ दुपारी दोन ते पाच अशी ठेवा, सकाळी डबे आणि संध्याकाळी परतीची एसटी सांभाळावी लागते. शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायची सोय करा आणि ते काम ज्या बाईकडे द्याल तिलाही मानधन द्या. शिकवणारीला तर द्याच. बाईनं बाईला शिकवायचं म्हणजे फुकट, हा समज आपल्याच संस्थांनी घट्ट करून ठेवला आहे. प्रमाणपत्रांवर पैसा घालवू नका, त्या पैशांत चार जास्तीच्या केबली येतील. ट्रान्स मैत्रिणी, पाड्यावरच्या, वस्तीवरच्या बायका, अपंग बायका येतील अशी जागा आणि अशी भाषा ठेवा. 'सर्वांसाठी खुले' असं फलकावर लिहिल्यानं कुणी येत नाही. जाऊन बोलवावं लागतं.

या अंकात हाताच्या विद्येवरचे लेख, मुलाखती आणि चित्रं एकत्र केली आहेत. गोधडीच्या टाक्यांपासून कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंत विषय पसरले आहेत. कथा आणि कविता नेहमीसारख्या आहेतच, त्या याच विषयावरच्या असाव्यात असा हट्ट धरलेला नाही. अंक मांडण्याचं, मजकूर लावण्याचं काम यंदा आमच्या कार्यालयातल्या तीन तरुण मुली शिकत शिकत करत होत्या. कुठे समास थोडा कमीजास्त वाटला तर कळवा, त्या पुढच्या वर्षी नीट करतील.

 एक विनंती. अंक वाचून झाला की आम्हाला एक पोस्टकार्ड टाका. त्यावर दोनच ओळी लिहा. मला अमुक येतं आणि मी ते शिकवू शकते, ही पहिली. मला अमुक शिकायचं आहे, ही दुसरी. पेटीच्या भात्याची दुरुस्ती असो, शिवणयंत्राचं टायमिंग असो, मिक्सर असो, जमाखर्च असो, काहीही चालेल. आलेली पोस्टकार्डं आम्ही जानेवारीत मांडून बसणार आहोत आणि जुळणाऱ्या दोघींना एकमेकींचे पत्ते, दोघींची संमती घेऊन, कळवणार आहोत. लिहिताना गावाबरोबर तालुकाही लिहा, म्हणजे शिकवणारी आणि शिकणारी एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर शोधता येतील.